शेवट कुठला धरायचा?

परवा नातू जवळ अभ्यासाला बसला होता. इंग्रजी शाळेत, दहावीला आहे. म्हणाला, "आजोबा, एंड म्हणजे शेवट ना? मग बाई म्हणतात, एंड म्हणजे हेतू. खरं कोणतं?" म्हटलं, बाळा, दोन्ही खरं. सिनेमा सरला की पडद्यावर 'द एंड' येतं, तो शेवट. दोरीचं टोक, तेही एंडच, आणि दोरीला टोकं असतात दोन. माणूस ज्याच्यासाठी धडपडतो त्या साध्यालासुद्धा इंग्रज एंडच म्हणतो.

हसू नका मंडळी, आपल्या 'अंत'चं तरी वेगळं काय आहे? आई पोराला म्हणते, माझा अंत पाहू नकोस. तिथं अंत म्हणजे सोसण्याची हद्द. देवाच्या लीलेचा अंत लागत नाही, तिथं थांग. आणि वेदान्त म्हणजे वेद संपले असं का? उपनिषदं वेदांच्या शेवटी येतात म्हणून वेदान्त, आणि वेदांना अखेर जे सांगायचं ते त्यांत आहे, म्हणूनही वेदान्तच.

आता हे का काढलं ते ऐका. एका आषाढीला, द्वादशीच्या सकाळी, चंद्रभागेच्या वाळवंटात एक आजी रडत बसल्या होत्या. रात्रभर रांगेत उभ्या. पाय सुजले, तेव्हा लेकानं बाहेर काढलं. दर्शन काय ते कळसाचं. मला म्हणाल्या, "महाराज, आळंदीपासनं चालले आन् शेवटच चुकला. वारी वाया गेली का हो?"

मी म्हटलं, आजी, शेवट कुठला धरलात तुम्ही? रांगेचं टोक, की ज्याच्यासाठी चाललात ते? अहो, नामदेवरायांनी संतांचे पाय लागावेत म्हणून पायरीची जागा मागून घेतली. चोखोबांची समाधीही महाद्वारापाशीच. ते काय विठ्ठलाला दुरावले? आणि वारी एकादशीला संपते हे सांगितलं कुणी? पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. मग पालखी मागं फिरते, ज्ञानोबारायांच्या पादुका पुन्हा आळंदीला येतात. येताना लाखो माणसं, परतीला मोजकीच. पण दोरीचं दुसरं टोक तेच की नाही?

आजींनी पदरानं डोळे पुसले. "मग काल्यापातुर थांबते म्या. लेकाला तेवढं तुम्हीच सांगा."

लेक समोरच उभा. पिशव्या बांधलेल्या, एसटीची तिकिटं खिशात. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पिशव्या वाळूवर खाली ठेवल्या.