‘चाललंय’च्या मागे साठलेले

आंबिवली स्टेशनला उतरून मोहन्यात आले की एनआरसीचे नाव निघतेच. रेयॉन बनवणारी ही कंपनी २००९ मध्ये बंद पडली. काम गेले की पगार जातो, हे सगळ्यांना कळते. पण पाळीची वेळ, डबा खातानाच्या गप्पा, ‘अमुक खात्यातला’ ही ओळखही त्याबरोबर जाते आणि त्या दुःखाला नाव नसते. अशा माणसाला ‘कसे आहात?’ विचारले, तर ‘चाललंय’ एवढेच उत्तर येते.

या साठलेल्याला वाट देण्यासाठी मानसोपचारात कवितेचाही वापर होतो. त्याला काव्योपचार म्हणतात. समुपदेशक एखादी कविता वाचतो, कोणती ओळ मनाला लागली ते विचारतो, मग स्वतःच्या चार ओळी लिहायला सांगतो. कविता चांगली की वाईट, हा प्रश्नच नसतो. स्वतःविषयी बोलायला संकोचणारा माणूसही ‘कवीचे खरे आहे’ असे सहज म्हणतो, आणि तिथून बोलणे सुरू होते.

आपल्याकडच्या बायकांना ही युक्ती ठाऊक होती. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल, असे चारचौघांत न बोलता येणारे सारे पहाटे जात्यावर ओवीत म्हणता येई. ओवी सगळ्यांचीच असल्याने म्हणणारीवर बोट ठेवता येत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण मन मोकळे करण्याची ती जागाही गेली. पुरुषांना तर ती फारशी नव्हतीच. भजनीमंडळ होते, एवढेच.

शब्दांनी नेमके काय होते? १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनावरच्या आघाताविषयी लिहायला लावले. लिहून झाल्यावर लगेच त्यांचे मन उलट अधिकच जड झाले. मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसले की, चेहऱ्यावरच्या भावनेला ‘राग’, ‘भीती’ असा शब्द दिला की भयाशी जोडलेल्या अमिग्डालाची खळबळ घटते. हे प्रयोग कवितेचे नव्हते, हेही सांगायला हवे. खास कवितेवरचे अभ्यास लहान आहेत. म्हणून कवितेला औषध न म्हणता उपचाराची सोबत म्हणावे.

घरी करायचे तर पंधरा मिनिटे पुरतात. यमक नको, कोणाला दाखवायला नको, लिहून फाडले तरी चालेल. धक्का अगदी ताजा असेल तर घाई करू नये. रोज तीच तक्रार त्याच शब्दांत उतरत असेल, तर ते मोकळे होणे नाही, उगाळणे आहे, तिथे थांबावे. दोन आठवडे झोप-भूक हरपली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येते.

आणि लिहिण्याची सवय नाही, ही अडचण वाटत असेल, तर फोनवर आवाज मुद्रित करावा. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हते. त्या कामे करता करता म्हणत, आणि मुलगा सोपानदेव उतरवून घेत असे.