‘हिज मास्टर्स व्हॉइस’ : एका व्यापारमुद्रेचा पूर्वापर विचार

जुन्या पत्राचा काल ठरवितांना संशोधक मजकुराइतकेंच लक्ष शिक्कामोर्तबाकडे देतो. शिक्का कोणाचा, त्यांत नांव कोणत्या उपपदासह आलें आहे, कागद अस्सल कीं नक्कल, एवढें समजलें म्हणजे मिती नसलेल्या पत्रासहि बहुधा काल देतां येतो. गाण्याच्या जुन्या तबकड्यांस हाच न्याय लागू आहे. त्या लाखेच्या मिश्रणाच्या असत, आणि आपला लाखोटाहि लाखेवरूनच नांव पावला आहे. शिवाय तबकडीस ‘ध्वनिमुद्रिका’ म्हणून आपल्या भाषेनें तिचें मुद्रेशीं असलेलें नातें आधींच सांगून ठेविलें आहे. तिच्या मध्यभागीं चिकटविलेली कागदी चकती हेंच तिचें शिक्कामोर्तब होय. तें नीट वाचलें नाहीं तर एखाद्या गवयाच्या गायनाचा काल दहा-दहा वर्षांनीं चुकूं शकतो. म्हणून आपल्याकडे सर्वांत परिचित अशा मुद्रेचा, म्हणजे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राचा, आणि ती वापरणाऱ्या कंपनीच्या नांवाचा इतिहास येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. सपाट तबकडीवर चालणाऱ्या ग्रामोफोन यंत्राचा जनक एमिल बर्लिनर हा मूळचा जर्मनींतील हानोव्हरचा. अमेरिकेंत स्थायिक झाल्यावर १८८७ सालीं त्यानें हें यंत्र सिद्ध केलें. त्याच्या यंत्राचा व्यापार करण्यासाठीं १८९८ सालीं लंडन येथें ‘ग्रामोफोन कंपनी’ निघाली. १९०० च्या डिसेंबरांत हिचें नांव ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड’ असें झालें. गाण्याच्या यंत्राचें नाविन्य ओसरलें तर व्यवहारास दुसरा आधार असावा, या हेतूनें टाइपरायटरचा धंदा जोडण्यांत आला होता. तो चालला नाहीं, आणि १९०७ सालीं हा शब्द नांवांतून गळाला. तात्पर्य, ज्या चकतीवर टाइपरायटरचा उल्लेख आहे ती या सात वर्षांतील समजावी. धंद्यास निरुपयोगी ठरलेला शब्द कालनिर्णयास मात्र अत्यंत उपयोगी पडला!

आतां चिन्हाचा विचार. कंपनीचें पहिलें चिन्ह कुत्रा नसून देवदूत होतें. १८९८ पासूनच्या या चिन्हांत एक पंखधारी बाल देवदूत पिसाच्या लेखणीनें तबकडीवर ध्वनीच्या रेषा कोरीत बसलेला दिसतो. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान प्रभृतींचें गायन मुद्रित केलें, त्या तबकड्या हानोव्हर येथें छापून आल्या व त्यांवर हाच देवदूत होता. त्यांवरील ‘कॉन्सर्ट’ व ‘मोनार्क’ हे शब्द निराळ्या कंपन्यांचे नव्हेत. ते अनुक्रमें दहा व बारा इंची तबकड्यांचे वाचक आहेत.

कुत्र्याची कथा याहून मनोरंजक आहे. ‘निपर’ नांवाचा हा कुत्रा ब्रिस्टल येथील मार्क बरॉड याचा. धनी १८८७ सालीं वारला. पुढें कुत्रा त्याचा चित्रकार बंधु फ्रान्सिस बरॉड याजकडे आला व १८९५ सालीं मेला. फ्रान्सिसनें त्याचें हें चित्र त्यानंतर तीन वर्षांनीं काढलें. चित्रांतील चकचकीत पृष्ठभाग ही धन्याची शवपेटी होय अशी एक दंतकथा सांगतात, तिला आधार नाहीं. आधार आहे तो १८९९ च्या फेब्रुवारींतील नोंदीचा. तींत चित्राचें वर्णन ‘फोनोग्राफाकडे पाहत ऐकणारा कुत्रा’ असें आहे. अर्थात् मूळ चित्रांत बर्लिनरचें यंत्र नव्हतेंच. नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ होता. त्यावरील काळा कर्णा चित्रांत उठून दिसत नसे, म्हणून पितळी कर्णा उसना मागण्यास चित्रकार ग्रामोफोन कंपनींत गेला. तेथील व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यानें यंत्र पुसून त्याजागीं आपला ग्रामोफोन रंगविण्याची अट घातली, आणि ती मान्य होतांच चित्रास पन्नास व त्याच्या हक्कास पन्नास पौंड दिले. मूळ चित्र तिरप्या प्रकाशांत पाहिलें असतां खालच्या यंत्राच्या खुणा अजूनहि दिसतात.

येथें एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. फोनोग्राफावर घरच्या घरीं आवाज भरतां येई. म्हणून मृत धन्याचा शब्द कुत्र्यानें त्यांतून ऐकावा यांत असंभाव्य कांहीं नव्हतें. ग्रामोफोनवर तशी सोय नव्हती. तो कारखान्यांत छापलेली तबकडी वाजवी, एवढेंच. म्हणजे यंत्र बदलतांच ‘धन्याचा आवाज’ या नांवाचा वाच्यार्थ निराधार झाला. तरीहि नांव टिकलें, इतकेंच नव्हे तर जगभर गेलें. नैयायिक ज्यास रूढि म्हणतात, तिनें येथें योगार्थास सर्वस्वीं जिंकलें आहे.

इंग्लंडांत तबकडीवर देवदूताच्या जागीं कुत्रा आला तो १९०९ सालीं. परंतु व्यापारमुद्रेचा अधिकार देशपरत्वें निराळा असतो. अमेरिकेंत बर्लिनरनें १९०० सालींच हें चित्र नोंदविलें होतें; तें १९०१ मध्यें निघालेल्या व्हिक्टर कंपनीकडे व १९२९ सालीं आरसीए कंपनीकडे गेलें. इकडे १९३१ सालीं ग्रामोफोन व कोलंबिया या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ‘ईएमआय’ झाली. एकाच कुत्र्याचे असे अनेक धनी झाले. १९५३ सालीं ईएमआयनें अमेरिकेंत आपल्या तबकड्या विकावयास काढल्या, तेव्हां तेथें कुत्रा परक्याचा असल्यामुळें जुन्या देवदूताचीच प्रतिष्ठापना करावी लागली.

हिंदुस्थानांत कंपनीचा कारखाना १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें निघाला व १९२८ मध्यें दमदम येथें नवा झाला. १९४६ सालीं येथील व्यवहारासाठीं स्वतंत्र कंपनी नोंदली गेली. लोकांनीं मात्र तिला ‘एचएमव्ही’ या तीन अक्षरांनींच ओळखलें. चित्रावरून नांव निघालें, नांवावरून आद्याक्षरें उरलीं. २००० सालीं याच कंपनीनें ‘सारेगामा’ हें नांव धारण केलें. षड्ज, ऋषभ, गांधार व मध्यम यांच्या आद्याक्षरांचा हा संघात आहे. पहिलें नांव ऐकणाऱ्यावरून पडलें होतें, हें गाणाऱ्यावरून पडलें.

या सर्वांचें संशोधनदृष्ट्या फल काय? चकतीवरील नांव व चिन्ह यांवरून काल निघतो तो छापण्याचा, गाण्याचा नव्हे. लोकप्रिय गाणीं पुनःपुन्हा छापलीं जात. देवदूताच्या काळीं मुद्रित झालेलें गायन कुत्र्याच्या चकतीखालीं पुढें अनेक वर्षें विकलें जाई. यास्तव कुत्रा पाहून गायन १९०९ नंतरचें मानणें म्हणजे नकलेच्या कागदावरून अस्सलाची मिती ठरविणें होय. मूळ मुद्रणाचा क्रमांक चकतीलगतच्या लाखेंत कोरलेला वा उठविलेला असतो. अस्सल पुरावा तो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील आपल्या अनेक गायक-गायिकांचा आवाज याच तबकड्यांत उरला आहे, आणि लाख ठिसूळ असते. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा तबकड्या असतील त्यांनीं केवळ गायकाचें नांव टिपून न थांबतां चकतीवरील कंपनीचें पूर्ण नांव, चिन्ह, चकतीचा रंग आणि लाखेंतील क्रमांक हीं चारहि अंगें नोंदवून ठेवावींत. चकती फाटली म्हणून तबकडी टाकून देऊं नये. तबकडी फुटली तरी चकती व क्रमांक असलेला मधला तुकडा जपावा. गाणें गेलें तरी त्याची मिती त्यांत उरलेली असते.