लेखणी उचलण्यापूर्वी

सातवीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय लिहितात आणि विद्यार्थ्यांना निबंध लिहावयास सांगतात. थोड्याच वेळात बहुतेक वह्यांतून एकच पाऊस पडू लागतो. मातीचा सुगंध दरवळतो, मोर नाचतो आणि सृष्टी हिरवा शालू नेसते. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, जेथे मृगापाठोपाठ आर्द्राही कोरड्या जातात, तेथील मुलाच्या वहीतही हाच पाऊस असतो. काही वह्या मात्र कोऱ्याच राहतात. पाठ केलेला निबंध आणि कोरी वही या दोहोंच्या मुळाशी एकच उणीव आहे. लिहावयाचे काय, हे शोधण्याची रीत मुलांना कोणी शिकविलेली नसते. ही रीत म्हणजेच लेखनपूर्व तयारी होय.

तयारी हाताची आणि मनाची

लेखनाला पूर्वतयारी लागते, हा विचार आपल्याकडे नवा नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात लेखनक्रियेचे निरूपण करताना कागद, शाई व लेखण्या यांच्या सिद्धतेचा बारकाईने विचार केला आहे. तो मुख्यत्वे सुवाच्य अक्षरासाठी होता. आशयाच्या सिद्धतेचा शास्त्रशुद्ध विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आला. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन रोमन यांनी १९६५ मध्ये लेखनपूर्व अवस्थेला ‘शोधाची अवस्था’ म्हटले. त्यांचे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले असले, तरी सहावी ते आठवीच्या मुलांना या शोधाची गरज अधिकच आहे. या वयात अनुभव पुष्कळ असतात. पण त्यांतील लिहिण्याजोगे कोणते, हे उमगत नाही.

शब्दजाळे, प्रश्न आणि क्रम

या तयारीसाठी कोणतेही खर्चिक साहित्य लागत नाही. कोरा कागद आणि तासिकेतील पहिली दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

पहिली पायरी शब्दजाळ्याची. कागदाच्या मध्यभागी ‘पाऊस’ हा शब्द लिहून त्याभोवती सुचतील ते शब्द मांडावयाचे व परस्परसंबंधित शब्द रेषांनी जोडावयाचे. गळके छप्पर, दुबार पेरणी, चिखलात रुतलेली एस.टी., ओढ्याचा पूर, इरले, ओली दप्तरे असे शब्द जमू लागले की, पाऊस पुस्तकातला न राहता गावचा होतो.

दुसरी पायरी निवडीची व प्रश्नांची. जाळ्यातील एकच शब्द विद्यार्थ्याने निवडावा. समजा, ‘ओढ्याचा पूर’ निवडला. मग कोण, काय, कोठे, केव्हा, कसे आणि का हे सहा प्रश्न त्याने स्वतःला विचारावे. पुराच्या वेळी सोबत कोण होते? पाणी कोठवर चढले? अलीकडे कसे आलो? उत्तरे एकेका शब्दात टिपली तरी चालतील. शेजारच्या मित्राला तो प्रसंग तोंडी सांगितल्यास विसरलेले तपशीलही आठवतात.

तिसरी पायरी क्रमाची. टिपलेल्या मुद्द्यांपुढे आकडे घालून आधी काय व नंतर काय, हे ठरवावयाचे. एखादा मुद्दा अनावश्यक वाटल्यास तो खोडण्याचे धैर्यही येथेच शिकावयाचे असते.

मुद्द्यांवरून निबंधलेखन आपल्या शाळांना परिचित आहे. तेथे मुद्दे शिक्षक किंवा प्रश्नपत्रिका पुरविते. येथे ते विद्यार्थ्याचे स्वतःचे असतात. हाच या पद्धतीचा गाभा होय.

शिक्षकाची भूमिका

शिक्षकाने प्रथम स्वतःचे शब्दजाळे फळ्यावर, मुलांच्या देखत तयार करावे. शिक्षकालाही अडखळावे लागते, खोडावे लागते, हे पाहून मुलांची भीती जाते. या टप्प्यावर शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करू नयेत. त्यासाठी कच्चा मसुदा झाल्यावर अवसर असतोच. तसेच या कागदाला गुण देऊ नयेत. गुणांचा प्रश्न आला की, मूल पुन्हा ठरावीक शब्दांचा आश्रय घेते.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी ही अनेक मुलांची घरची बोली आहे. तयारीच्या कागदावर तिला मुक्तद्वार असावे. आठवण ज्या बोलीत येते, त्याच बोलीत ती आधी उतरू द्यावी; प्रमाण मराठीतील शब्द शिक्षकांच्या साहाय्याने मागाहून शोधता येतात. बोलीतला शब्द अधिक नेमका असेल, तर तो निबंधातही राहू द्यावा.

प्रारंभी एका महिन्यात एकच निबंध या रीतीने लिहून घेतला, तरी पुरे. पहिले निबंध आखूड असतील, वाक्ये ओबडधोबड असतील. परंतु त्यांत ओढ्याचे पाणी ओसरण्याची वाट पाहत काठावर बसलेला मुलगा असेल आणि पलीकडच्या काठावर कंदील घेऊन उभा असलेला त्याचा बापही असेल. आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखे काही आहे, हा विश्वास मुलाच्या मनात रुजला, म्हणजे भाषाशिक्षणाचे मोठे कार्य साधले असे म्हणता येईल.