शेंड्यानं मुळातून जायचं

पायजम्याचा नाडा निघून हातात आला की आपण सेफ्टी पिन शोधतो. पिन नाड्याच्या टोकाला अडकवायची, नेफ्यात सारायची आणि चाचपडत पलीकडून बाहेर काढायची. हीच कृती डोक्यावर करायची आहे असं समजा. नाड्याच्या जागी केसांची बारीक बट, आणि नेफा म्हणजे त्याच बटेचं मूळ. बटेचा शेंडा स्वतःच्याच मुळातून आरपार जातो! गोंद नाही, जेल नाही, दोरा नाही. केसांना केसांचंच कुलूप. याला म्हणतात इंटरलॉकिंग.

आफ्रिकन वंशाच्या अनेक स्त्रिया केसांचे शेकडो बारीक लॉक्स, म्हणजे जटा, ठेवतात. सान दिएगोतल्या प्राध्यापक जोअ‍ॅन कॉर्नवेल यांनी 1993 साली ‘सिस्टरलॉक्स’ ही पद्धत आणली. तिच्यात एका डोक्यावर चारशेच्या वर बटा सहज होतात, सुतळीहून बारीक. ‘जट’ म्हटलं की मराठी माणसाला यल्लमा आठवते, जटेपायी देवीला सोडलेल्या मुली आठवतात, त्या जटा कापायला पुढे आलेले अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आठवतात. ती आठवण इथं बाजूला ठेवलेली बरी. इथं प्रत्येक बटेचा भांग आखलेला असतो, चौकटीच्या वहीसारखा.

बट एकदा मुरली की लांबीभर काही करावं लागत नाही. कुरळे केस एकमेकांत गुंततात, आणि विंचरणं बंद झाल्यामुळे रोज गळणारे पन्नास-शंभर केसही त्या-त्या बटेतच अडकून राहतात. लोकर विणली की घोंगडी होते, नुसती भिजवून दाबली की बुरणूस होतो. बटेच्या पोटात या बुरणुसासारखंच काहीतरी चाललेलं असतं. प्रश्न फक्त मुळाशी. तिथं केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, आणि ही नवी वाढ सुटी, फुगीर असते. म्हणून दर चार ते आठ आठवड्यांनी सुई हातात घ्यायची.

सुया दोन प्रकारच्या. एक क्रोशाच्या सुईसारखी, पण टोकाच्या आकड्यावर इवलीशी झडप असलेली; ती मुळातून घालायची, बटेचा शेंडा आकड्यात धरायचा आणि मागे ओढायचं. झडप मिटते, त्यामुळे वाटेत दुसरा केस अडकत नाही. दुसरी चपटी, मोठ्या नेढ्याची. तिच्या नेढ्यात शेंडा ओवायचा आणि सुई पुढे काढायची. काहीजणी साध्या हेअरपिनवरही भागवतात.

खरी गंमत दिशेची आहे. मुळाभोवती घड्याळाची तबकडी कल्पा. पहिल्यांदा नऊकडून तीनकडे, मग सहाकडून बाराकडे, मग तीनकडून नऊकडे, शेवटी बाराकडून सहाकडे. हे मला वाचून पटेना, म्हणून खुर्चीच्या दांड्याला लोकरीचे वीस धागे बांधले, त्यांची खालची टोकं एकत्र गाठवली आणि नाडा घालायची पिन घेऊन बसले. आधी नऊकडून तीनकडे गेले, लगेच त्याच फटीतून तीनकडून नऊकडे परत आले. सगळं सुटलं! आलेल्या वाटेनंच परतल्यावर दुसरं काय होणार? मग एकाच दिशेनं तीनदा गेले. धाग्यांचे दोन भाग सुतळीसारखे एकमेकांभोवती पिळले, पण मध्ये करंगळीचं टोक जाईल एवढी खिडकी राहिली. डोक्यावर अशी खिडकी राहिली की बट तिथं कमजोर होते. शेवटी घड्याळ पाळलं. जाणं आणि परतणं यांच्यामध्ये प्रत्येक वेळी एक आडवी फेरी येते, म्हणून मागचं सुटत नाही. चौथ्या फेरीला धाग्यांचा घट्ट, चौकोनीसा पेड तयार झाला, आणि ओढूनही हलेना.

कुठं थांबायचं हे सुईच सांगते: ती सहज जाईना की बस. टाळूलगत थोडी ढील हवीच. कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे केस नाजूक असतात. तिथं आणखी एक फेरी मारण्याचा हव्यास केला तर टाळू ठणकते, पुटकुळ्या येतात, आणि ताण कायम राहिला तर केस कायमचे जातात. दुसरी खोड शेजारणींची. न्हाल्यावर जवळच्या दोन बटांची मुळं एकमेकींत शिरतात. त्या ओल्या असतानाच दोन बोटांत धरून टर्रकन वेगळ्या कराव्या लागतात. सुरुवातीच्या महिन्यांत तर बटांच्या सैल वेण्या घालून, त्यांना रबर लावूनच केस धुवायचे, नाहीतर न्हाणीघरातून गुंताच बाहेर येतो.

एवढ्या नाजूक कामासाठी कॅलिफोर्नियात कुणी पैसे घेतले तर परवाना आणि त्यासाठी 1600 तासांचं सौंदर्यप्रसाधनाचं शिक्षण सक्तीचं होतं, आणि त्यात हे काम जवळपास शिकवतच नसत. कॉर्नवेलबाई 1997 मध्ये कोर्टात गेल्या आणि 1999 मध्ये जिंकल्या. ही सक्ती घटनाबाह्य ठरली.

घरी करणाऱ्यांना परवान्याचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. बटेला एक मिनिट धरलं तरी चारशे बटांना सहा तास चाळीस मिनिटं लागतात, आणि मिनिटात होणारी बट विरळाच. म्हणून मग रोज संध्याकाळी एक-दोन ओळी, समोर सिनेमा लावून. मागचं डोकं तर दिसतच नाही, तिथं बोटांनाच डोळे फुटतात. मानेपासून सुरुवात करून कपाळापर्यंत यायला दोन आठवडे लागले, तर तोवर मानेवरचे केस पुन्हा अर्धा सेंटीमीटर वाढलेले असतात.