विश्लेषण : डॅन्यूबकाठची सायकल सफर गटासाठी सोपी का? आणि अवघड कुठे?

जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग युरोपातील लोकप्रिय सायकल मार्गांपैकी एक. तंबू बांधून गटाने निघणाऱ्यांत मुलांपासून निवृत्तांपर्यंत सारेच असतात. मात्र सपाट रस्ता म्हणजे निर्धास्त प्रवास नव्हे.

मार्ग इतका सपाट कसा?

पूर्वी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढून नेण्यासाठी काठाने घोडे चालत. त्यांच्यासाठी पाण्यालगत वाट राखलेली असे. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी आल्या आणि ती वाट मागे पडली. १९८०च्या दशकात तिचेच अनेक टप्पे सायकलींसाठी उपयोगात आले. पासाऊ ते व्हिएन्ना नदी जेमतेम १३० मीटर खाली उतरते. वाराही बहुधा पश्चिमेचा. म्हणून बहुतेक जण पासाऊहून पूर्वेकडे निघतात. अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मार्गाचाच हा भाग आहे.

गटाने जाताना काय पाहावे?

गटात सर्वांचा वेग सारखा नसतो. नदी सोबत असल्याने मागे राहिलेला सहसा वाट चुकत नाही. पण बऱ्याच अंतरात मार्ग दोन्ही काठांनी जातो. कोणता काठ धरायचा आणि कुठे थांबायचे, हे सकाळीच ठरले नाही तर अर्धा गट पैलतीरी राहतो. नदी ओलांडायला पूल आहेत, काही जलविद्युत प्रकल्पांच्या बांधांवरूनही सायकल नेता येते. श्लोगेनजवळ नदी जवळपास उलट वळते, तिथे छोटी होडी सायकलींसह पलीकडे सोडते. रोज ५० किलोमीटर धरले तर सहा दिवस लागतात. मेल्कचा मठ आणि द्राक्षमळ्यांचे वाखाऊ खोरे पाहायचे तर एक दिवस जादा हवा.

तंबू कुठेही ठोकता येतो का?

नाही. ऑस्ट्रियाच्या १९७५च्या वन कायद्यानुसार जंगलात मालकाच्या संमतीशिवाय तंबू लावता येत नाही. त्यामुळे अधिकृत कॅम्पिंगची जागाच गाठावी. एकट्या सायकलस्वाराला आयत्या वेळी कोपरा मिळतो, दहा तंबूंना मिळेलच असे नाही. उन्हाळ्यात आधी कळवणे शहाणपणाचे.

खरा धोका कोणता?

पूर. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरील पासाऊत जून २०१३मध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले. १५०१ नंतरची ती सर्वोच्च पातळी होती. सप्टेंबर २०२४च्या पुरात लोअर ऑस्ट्रिया प्रांत आपत्तीग्रस्त जाहीर झाला. पाणी चढले की सर्वांत आधी बुडते ती काठाची वाट आणि तिच्या शेजारची तंबूची जागा. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या खोऱ्यातला पाऊस इथे पोहोचतो. म्हणून रोज रात्री पाण्याची पातळी पाहावी आणि इशारा असेल तर तंबू उंचावर न्यावा किंवा रेल्वेने पुढे जावे.

भारतातून जायचे तर?

दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. मुक्कामाचे बहुतेक दिवस ऑस्ट्रियात असतील, तर अर्ज त्याच देशाकडे करावा लागतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. सायकल सोबत नेण्याची गरज नाही, पासाऊत भाड्याने मिळते. सराव मात्र सामान लादूनच करावा आणि रोजचे अंतर गटातील सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला झेपेल एवढेच ठेवावे.