जॅक उचलतो, घोडी धरते

आज बियाण्याचं बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज बोलायचंय ते गटाच्या ट्रॅक्टरखाली हात घालण्याबद्दल.

मागच्या वैशाखातली गोष्ट. शिरपूर तालुक्यातलं आमचं गाव, कपाशीची पऱ्हाटी काढून झालेली, आणि गटाचा मिनी ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून रान भुसभुशीत करत होता. रानात ठिबकची एक जुनी नळी राहून गेली होती. ती रोटाव्हेटरच्या दांड्याला अशी गुंडाळली, की पाती फिरेचनात. ड्रायव्हरने लिफ्ट वर घेतली, इंजिन बंद केलं आणि पाणी प्यायला गेला. आमची एक सदस्य विळा घेऊन खाली बसली आणि नळी कापायला लागली. तिचा एक पाय रोटाव्हेटरच्या खाली होता. तेवढ्यात कोणाचं तरी पोरगं सीटवर चढलं. म्हातारी सासू बांधावरून ओरडली, "पाय काढी ले, माय!" तिने पाय ओढला आणि रोटाव्हेटर धाडकन खाली आला. विळ्याची मूठ मोडली, बाकी काही झालं नाही. पोराने नुसता लिव्हर हलवला होता.

आम्हा सगळ्यांना तेव्हा वाटायचं, इंजिन बंद म्हणजे यंत्र बंद. ते खरं नाही. लिफ्ट वर चढवायला इंजिन लागतं, पण खाली यायला काहीच लागत नाही. वजन स्वतःच खाली यायला बघत असतं, त्याला आत कोंडलेल्या तेलाने अडवून धरलेलं असतं. लिव्हर खाली केला, की तेलाला वाट मिळते. आतलं सील झिजलं असेल तर लिव्हरला कोणी हात न लावताही ते हळूहळू बसतं.

आपल्याकडे आता बऱ्याच गटांकडे स्वतःची यंत्रं आली आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं ९० टक्के अनुदानावर मिळतात. काही गटांनी अवजार बँक काढली आहे. यावल-रावेरकडे केळीच्या दोन ओळींमधून जाणारा लहान ट्रॅक्टर, शिंदखेड्याकडे कपाशीत कोळपणी करणारा पॉवर वीडर. यंत्र आपल्या नावावर आलं, हप्ते आपण भरले, पण ते खालून उघडायची वेळ आली की आपण बाजूला उभ्या राहतो, नाहीतर घाईत मिळेल ते खाली लावून हात घालतो. योजनेत ट्रॅक्टर येतो, ट्रेलर येतो. जॅक आणि घोडी काही येत नाही. ती आपणच आणायची.

खाली हात घालायचे प्रसंग कोणते, तर रोटाव्हेटरची पाती बदलायची, नट आवळायचे, गुंडाळलेली नळी किंवा वेल काढायचा, चाक पंक्चर झालं तर ते काढायचं. रोज ग्रीस भरायला बहुतेक वेळा काही उचलावं लागत नाही.

आता जॅक घ्यायचा कसा, ते सांगते. दुकानात गेल्यावर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती टनाचा?" आपले मिनी ट्रॅक्टर साधारण साडेचारशे ते आठशे किलोचे असतात, अवजाराचं वजन वेगळं. त्यामुळे टनाचा प्रश्न फार अवघड नाही. तीन टन लिहिलेला बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक, ज्याला बॉटल जॅक म्हणतात, तो पुरून उरतो. आम्ही फसलो ते उंचीत. पहिला जॅक आणला तो मजबूत होता, पण पंक्चर झाल्यावर ट्रॅक्टर इतका खाली बसला, की जॅक एक्सलखाली शिरेचना. म्हणून दुकानात जाण्याआधी सुतळी घ्या. चाकातली हवा कमी असताना एक्सलच्या खालच्या बाजूपासून जमिनीपर्यंत सुतळी धरा आणि गाठ मारा. मिटलेला जॅक आणि त्याच्याखाली ठेवायची फळी मिळून त्या गाठीपेक्षा बुटकी हवी. मग चाक जमिनीपासून सुटायला किती वर जावं लागतं, त्याची दुसरी गाठ. जॅक पूर्ण उघडल्यावर फळीसकट तिथपर्यंत पोहोचला पाहिजे. ती सुतळी घेऊन धुळ्याला किंवा जळगावला जा, दुकानदार हसला तर हसू द्या.

आणखी दोन-तीन प्रकार दुकानात दिसतील. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक गॅरेजच्या सिमेंटच्या फरशीवर छान चालतो. आपल्या काळ्या मातीत त्याची चाकं रुततात. आट्यांचा स्क्रू जॅक हळू चढतो, हात दुखतात, पण त्यात तेल नसल्याने गळून बसत नाही. शेतातच काम पडत असेल तर मला तो आवडतो. जीपमधला किंवा मोटारीतला कात्री जॅक मात्र मागून आणू नका, तो त्या गाडीच्या मापाचा असतो. लिंबाच्या फांदीला चेन कुप्पी बांधून यंत्र टांगणारेही मी पाहिलेत. फांदी कधी मोडेल ते लिंबालाही माहीत नसतं.

बॉटल जॅकची गंमत समजून घ्या, म्हणजे त्याचा भरवसा किती ठेवायचा तेही कळेल. आत एक लहान दट्ट्या असतो आणि एक मोठा. दोन्हींच्या मध्ये तेल. कोंडलेल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलं. मोठ्या दट्ट्याचं तोंड लहानाच्या वीसपट असेल, तर लहानावर २० किलोचा जोर दिला की मोठा ४०० किलो उचलतो. पण फुकट काही मिळत नाही. लहान दट्ट्या वीस बोटं खाली गेला तर मोठा एकच बोट वर येतो, म्हणून तर इतका वेळ दांडा हलवत बसावं लागतं. वर गेलेलं ते सगळं वजन शेवटी कशावर उभं असतं? एका लहान व्हॉल्व्हवर आणि रबराच्या सीलवर. सील झिजतं, तेलात कचरा जातो, उन्हात पडून रबर कडक होतं. म्हणून जॅकचं काम उचलण्यापुरतं. उचललेलं धरून ठेवायला घोडी.

घोडी म्हणजे लोखंडी तिपाई किंवा चौपाई, उंची कमी-जास्त करायला खाचा किंवा खिळ असलेली. गॅरेजवाले तिला घोडीच म्हणतात. दोन घ्या, एकाच मापाच्या, आणि किती वजन पेलतात ते लिहिलेल्या. गावात वेल्डिंग करून स्वस्तात होतील असा आमच्या बैठकीत आग्रह झाला होता. मी त्याच्या विरोधात होते आणि आजही आहे. जोड कच्चा राहिला तर वरून दिसत नाही. घोडी नसेल तर बाभळीचे जाड, चौकोनी ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचून पाया करता येतो. वीट नको, सिमेंटचा ब्लॉक नको, दगडांची चळत नको. लाकूड मोडण्याआधी बहुतेक वेळा करकरतं, वीट आणि ब्लॉक न सांगता फुटतात.

आता उचलायचं कसं. जागा सपाट आणि टणक हवी. खळं, ओटा, मुरमाचा रस्ता चालेल. तापीकाठची काळी माती पावसात लोण्यासारखी आणि उन्हाळ्यात भेगाळलेली, तिच्यावर जॅक उभा केला तर तो एका बाजूला कलतो. नाइलाज असेल तर दीड फूट लांब-रुंद आणि दोन इंच जाड फळी खाली टाका. रोटाव्हेटर फिरवणारा पीटीओ बंद, अवजार जमिनीवर टेकलेलं, इंजिन बंद आणि चावी काढलेली. आमच्याकडे चावी खाली वाकणारीच्या पदराला बांधतात. तीच परत देईपर्यंत ट्रॅक्टर कोणी चालू करू शकत नाही.

मग चाकांना पुढून-मागून ठोकळे. इथे एक बारकावा आहे, तो मलाही एका वयस्कर मेकॅनिकने सांगेपर्यंत माहीत नव्हता. आपण समजतो, ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला म्हणजे तो हलणार नाही. पण मागचं एक चाक उचललं, की ते मोकळं फिरू शकतं, आणि आतल्या डिफरन्शियलच्या रचनेमुळे गिअरची पकड जमिनीवरच्या चाकाला मिळत नाही. पुढच्या चाकांना तर बहुतेक मिनी ट्रॅक्टरना ब्रेकच नसतो. म्हणून दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून हँडब्रेक ओढायचा आणि तरीही जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावायचेच.

जॅक एक्सलच्या जाड भागाखाली लावा. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते, तिच्याखाली कधीच नाही. ती वजन पेलायला केलेली नसते, चेपते किंवा तडकते. पुढचं उचलायचं असेल तर लक्षात ठेवा, पुढचा एक्सल मधल्या एका खिळीवर झोक्यासारखा झुलतो. त्यामुळे इंजिनाच्या भागाला टेका दिलात तर धड एका बाजूला कलंडू शकतं. आधी एक्सल आणि धड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोका, मग उचला. जॅकचा दांडा जड जातोय म्हणून त्याला पाइप जोडून जोर लावू नका. जड जातोय म्हणजे काहीतरी अडलंय किंवा वजन जास्त आहे.

पुरतं उचललं की घोड्या लावा, जॅक हळूच सोडून वजन घोड्यांवर उतरवा आणि यंत्राला हाताने हलवून बघा. डगमगलं तर आत्ताच डगमगू दे. रोटाव्हेटरलाही हेच. लिफ्टने वर घ्यायचं, खाली दोन बाजूंना घोड्या, मग लिव्हर खाली करून रोटाव्हेटर घोड्यांवर टेकवायचा. त्यानंतरच विळा-पाना हातात घ्यायचा. पाती धारेची असतात, जाड हातमोजे घाला. शेतात साडीवर आपण शर्ट घालतोच, तो इथेही घाला आणि पदर आत खोचा.

कामाला दोघी हव्यात. एक खाली, एक उभी. उभी राहणारीचं काम मदत करणं नाही, पोरं आणि लिव्हर सांभाळणं. उतरवताना ती मोठ्याने विचारते, "हात? पाय?" आणि खालचीने बाहेर येऊन उत्तर दिल्याशिवाय जॅकचा स्क्रू सैल करायचा नाही.

जॅक चांगला आहे की नाही, हे घरी तपासता येतं. ट्रॅक्टर थोडा उचला, खाली घोड्या दोन बोटं अंतर सोडून ठेवा, जॅकच्या चकचकीत दांड्यावर खडूने खूण करा आणि चहा करायला जा. अर्ध्या तासाने खूण खाली सरकलेली दिसली, तर जॅक दुरुस्तीला. लिफ्टचीही अशीच परीक्षा घेता येते. तेल कमी झालं तर जॅकसाठीचं हायड्रॉलिक तेलच घाला. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतलं तर सील फुगून खराब होतात. आणि लिफ्टच्या पाइपातून बारीक धार उडताना दिसली तर तिच्यावर बोट ठेवू नका. ती इतक्या दाबाची असते, की तेल कातडीत शिरतं. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि दुखत नाही, पण त्याच दिवशी दवाखान्यात जावं लागतं, नाहीतर बोट जाऊ शकतं. गळती शोधायची तर इंजिन बंद करा, दाब उतरवा आणि मग बघा.

कोणी खाली अडकलंच तर ओढू नका. १०८ ला फोन करा, अडकलेल्याच्या बाजूला आधी ठोकळे सारा म्हणजे वजन आणखी खाली येणार नाही, मग दुसऱ्या जॅकने उचला.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या बैठकीत दोन महिने वाद चालला. "एवढे पैसे लोखंडाच्या तिपाईला?" शेवटी ती मोडलेली मूठ मी बैठकीत मध्ये ठेवली, मग ठराव झाला. घोड्या आता ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्येच असतात. भाड्याने ट्रॅक्टर गेला, की त्याही जातात, आणि परत आल्यावर वहीत डिझेलच्या खाली वेगळी ओळ असते: घोड्या दोन, जॅक एक, ठोकळे चार, मोजून घेतले.