कानउघाडणी आणि कानभरणी

चुकणाऱ्यास सावध करण्याचे बरेचसे प्रयोग मराठीने कानाशी नेऊन ठेवले आहेत. कान टोचणे, कान पिळणे, कानपिचक्या देणे, कानीकपाळी ओरडणे ही मालिका पुष्कळ वाढविता येईल. तींतील ‘कानउघाडणी’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. उघडावयाचे ते नवे काही नव्हे. ऐकण्याची शक्ती त्या मनुष्याच्या ठायी आहेच, ती मात्र मिटलेली आहे, असे हा शब्द गृहीत धरतो. म्हणजे दोष दाखविणाऱ्याने दोषी माणसावर एवढा विश्वास आधी ठेवलेला असतो. ह्याच कुळातला दुसरा शब्द ‘कान भरणे’. तेथे कान तिऱ्हाइताचा असतो, आणि रित्या घागरीप्रमाणे तो भरावयाचा असतो. दोन्ही ठिकाणी मजकूर अक्षरशः एकच असू शकेल. तरीही एकास आपण कर्तव्य म्हणतो व दुसऱ्यास चहाडी.

गप्प बसणे हा तिसरा मार्ग, आणि बहुजनांचा तोच. द्यूतसभेत वृद्ध आणि ज्ञानी मंडळी अधोवदन बसली असता धृतराष्ट्राच्याच पुत्रांपैकी विकर्ण उठून बोलला, हे महाभारतकारांनी आवर्जून नोंदविले आहे. पुढे युद्धात मात्र हाच विकर्ण दुर्योधनाच्या बाजूने लढून पडला. बोलून दाखविल्यावर बोलणाऱ्याचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न त्याच्या चरित्राने उभा करून ठेवला आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांच्या इतिहासात रामशास्त्री प्रभुणे ह्यांच्या आचरणात सापडते. शास्त्रीबोवा म्हटले की नारायणरावाच्या वधाचे प्रकरण आपल्या तोंडी येते. परंतु कानउघाडणीचे मर्म पाहावयाचे, तर त्याआधीचा एक प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. ग्रांट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तो दिला आहे. थोरले माधवराव पेशवे काही काळ जपध्यानात फार गुंतले होते. राज्यकारभाराच्या कामासाठी शास्त्री वाड्यात गेले, तो श्रीमंत ध्यानस्थ. शास्त्री मुकाट्याने परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आपल्या ध्यानधारणेचे समर्थन केले, तेव्हा शास्त्र्यांनी सांगितले, की ब्राह्मणाने राज्य पत्करले म्हणजे प्रजापालन हाच त्याचा धर्म. तो नको असेल तर गादी सोडावी आणि उभयतांनी गंगातीरी जाऊन बसावे. माधवरावांनी ते मानले व तो क्रम सोडला.

येथे दोष दाखवावयाचा होता तो एका सज्जनास, आणि तोही पुण्यकर्माचे रूप घेऊन आलेला दोष. दुर्जनास दुर्जन म्हणण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड आहे. शास्त्र्यांनी दरबारात कुजबूज केली नाही, ‘श्रीमंतांचे हल्ली लक्ष नाही’ असे कारभाऱ्यांस सुचविले नाही. जे बोलावयाचे ते ज्याचे त्यास, आणि तेही ‘आपण दोघेही’ अशा भाषेत. गंगातीरी जावयाचे तर मीही येतो, ह्या म्हणण्यात उपदेशकाचा उच्चासन घेण्याचा मोह उरत नाही. परखडपणाची प्रतिष्ठा मिरविणाऱ्या आजच्या पुष्कळांच्या बोलण्यात नेमके एवढेच नसते.

दुसरा प्रसंग सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावांकडे गेली. रामशास्त्र्यांनी शोध केला आणि शोधाचा निष्कर्ष स्वतः रघुनाथरावांपुढे मांडला. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले ह्याची चर्चा आपण चवीने करतो, आणि तेवढ्यात मुद्दा निसटतो. प्रायश्चित्त विचारले असता देहान्तावाचून दुसरे नाही, असे शास्त्र्यांनी सांगितले. तुमची सत्ता असेतो मी चाकरी करणार नाही व पुण्यात पाऊल ठेवणार नाही, हेही सांगितले. आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. विकर्णाहून शास्त्र्यांचे निराळेपण येथे आहे. इशारा मानला गेला नाही, तेव्हा त्यांनी आपला हात काढून घेतला.

न ऐकलेल्या इशाऱ्याचा हिशेब मात्र एकट्या अपराध्याच्या नावे मांडला जात नाही. पुण्यातून उखडलेल्या रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला, ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह केला, आणि त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. ह्याच धामधुमीत पुणे दरबारास पोर्तुगिजांची मैत्री हवीशी झाली. १७७९ च्या तहाने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांस देण्याचे ठरले आणि १७८३ मध्ये नगरहवेली त्यांच्याकडे गेली. सिल्वासाजवळच्या खेरडीसारखी दमणगंगेच्या खोऱ्यातील गावे १९५४ पर्यंत परसत्तेखाली राहिली. ह्या सर्वांचे एकच कारण रघुनाथराव, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही; मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीज जहाजाची केलेली हानी हेही एक कारण होतेच. तथापि शनिवारवाड्यातील एका अपराधापासून खेरडीच्या शेतकऱ्यापर्यंत जाणारा एक धागा त्यात आहे, हे नाकारता येत नाही. त्या शेतकऱ्यास कोणी काही विचारले नव्हते.

म्हणूनच केवळ चुकणाऱ्याच्या कानाशी बोलून भागत नाही, असेही प्रसंग येतात. आपला एक सहकारी परीक्षेत गुणांची फिरवाफिरव करतो, हे एखाद्या शिक्षकास कळले असे समजू. प्रथम त्यास एकांतात सांगणे हे स्नेहाचे. त्याने ऐकले नाही, तर ज्या मुलाचा क्रमांक हिरावला गेला त्याच्या बाजूने कोण बोलणार? तेव्हा वरिष्ठांस सांगणे प्राप्तच होते. ही कानभरणी नव्हे. जे वरिष्ठांस सांगितले ते त्या सहकाऱ्यास समोर बसवून जसेच्या तसे सांगता येईल काय, एवढे स्वतःस विचारले की पुरे. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी जे बोलले जाते, त्यातील फारच थोडे ह्या कसोटीस उतरेल.

छापखाना आल्यावर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण छापील शब्दास कान कोणाचा हेच ठरविता येत नाही. गोपाळ हरी देशमुख ह्यांनी १८४८ ते १८५० ह्या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ ह्या नावाने एकशे आठ पत्रे लिहिली. ज्या ब्राह्मणवर्गाच्या आळसावर व अज्ञानावर त्यांनी कोरडे ओढले, त्याच वर्गात त्यांचा जन्म झाला होता. पेशवाईच्या पदरी असलेल्या घराण्यातले ते. तिऱ्हाइतापाशी आपल्या माणसांची निंदा केली, हा आक्षेप त्यांच्यावर घेता येणे सोपे होते. परंतु ते मराठीत लिहीत होते. इंग्रज अधिकाऱ्यांची वाहवा मिळविणे हाच हेतू असता, तर सरकारी नोकरीतील ह्या गृहस्थास इंग्रजीत लिहिणे कितीतरी लाभाचे ठरले असते. ज्यांचे कान उघडावयाचे त्यांचीच भाषा त्यांनी निवडली. स्वतःचे नाव मात्र झाकले. ही उणीव मानावी की नाही, ह्याविषयी माझे मन अद्याप ठरलेले नाही; रामशास्त्र्यांना ती सोय नव्हती, आणि असती तरी त्यांनी ती घेतली नसती असे वाटते.